गोदावरीचा गळ समुद्रात चालेल का?

मराठवाड्यातली पोरं कोकणात फिरायला जातात, सोबत काठी-रील घेतात आणि दुसऱ्याच दिवशी रील जाम होते. खाडीत आणि उपसागरात गळ टाकायचा तर काठी, दोरी, लुअर आणि फ्लाय कसे निवडायचे, आणि ते निवडण्याआधी काय माहीत हवं, याची ही गोष्ट.

नागपूरहून निघालेला महामार्ग वर्धा, यवतमाळ करत आपल्या नांदेड भागात येतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, औसा मागे टाकत तो तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर गाठतो आणि आंबा घाट उतरून थेट रत्नागिरीत समुद्राला भिडतो. म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेला आपण चहा पीत बसतो, त्याच रस्त्याचं दुसरं टोक मिऱ्याच्या किनाऱ्यावर आहे. सेमिस्टर संपलं की चार-पाच मित्र मिळून गाडी काढतात आणि निघतात. आता त्यात एक नवं फॅड आलंय. डिकीत कॅरम किंवा गिटारऐवजी फिशिंग रॉड!

फॅड म्हणून हसण्यावारी न्यायचं कारण नाही. मासे आपल्याला काही नवे नाहीत. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय तर विद्यापीठाच्या उशाशीच आहे. लातूरकरांसाठी धनेगावचं मांजरा धरण आहे. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या आपल्या उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथं बारावीनंतर चार वर्षांची बीएफएस्सीची पदवी मिळते. तसंच दुसरं कॉलेज रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, १९८१ पासून. म्हणजे महामार्गाच्या या टोकाला मासे शिकवतात आणि त्या टोकालाही.

प्रश्न फक्त एवढाच की इथलं सामान तिथं चालतं का? सरळ उत्तर आहे, नाही चालत. का नाही, ते बघू.

तंगूस आणि बांबू इथंच ठीक

आपल्याकडचा साधा गळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. बांबूची काठी, तंगूस, थोडं शिसं, थर्माकोलचा तुकडा आणि गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांना तो पुरतो. पाणी शांत असतं आणि मासा खाणं शोधत आपल्यापर्यंत येतो. आपण बसायचं, वाट बघायची.

समुद्रात चार गोष्टी बदलतात. एक, मीठ. लोखंड, स्वस्त बेअरिंग, साधे गळ दोन दिवसांत गंजतात. दोन, पाणी थांबत नाही. भरती-ओहोटीची ओढ शिसं वाहून नेते. तीन, वारा. हलकं काही फेकलं की ते तोंडावर परत येतं. आणि चार, मासा. किनाऱ्यालगतचे जिताडा, तांबोशी, रावस, सुरमई हे शिकारी मासे आहेत. ते पळणाऱ्या छोट्या माशावर झडप घालतात, आणि एकदा गळ लागला की खडकाकडं किंवा खोल पाण्याकडं धूम ठोकतात. कणकेच्या गोळ्याकडं ते ढुंकूनही बघत नाहीत.

त्यातल्या त्यात आपल्याकडचा एकच मासा या शाळेतला आहे, तो म्हणजे मरळ. गवतात दबा धरून बसायचं आणि पाण्यावरून जाणाऱ्या बेडकावर तुटून पडायचं ही त्याची सवय. ज्यांनी रबरी बेडूक ओढत ओढत मरळ पकडलाय, त्यांना जिताडा समजायला वेळ लागत नाही. तोही खाडीत कांदळवनाच्या मुळांशी, पुलाच्या खांबाशी असाच दबा धरून असतो. म्हणून समुद्रावर जायच्या आधी सराव करायचा असेल तर तो घरच्या पाण्यावर मरळीवर करा.

पैसे कुठं घालायचे?

हॉस्टेलच्या पोराचं बजेट ठरलेलं असतं. त्यामुळं हिशेब असा लावू. तुमच्याकडं दहा रुपये असतील तर चार रीलवर घाला, तीन काठीवर, दोन दोरीवर आणि एक लुअरवर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. रंगीबेरंगी लुअरचा डबा भरतात आणि रील सगळ्यात स्वस्त घेतात. पण समुद्रात आधी दगा देते ती रीलच.

रील : स्पिनिंग रील घ्या, आकार ४००० किंवा ५०००. बॉक्सवर खाऱ्या पाण्यासाठी योग्य असल्याचं लिहिलेलं असावं. बेअरिंग किती आहेत यापेक्षा ड्रॅग कसा आहे ते बघा. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी किती जोर लावल्यावर सुटेल, त्याचा ब्रेक. दुकानात दोरी हातानं ओढून बघा. ती झटके न देता एकसारखी सुटली पाहिजे.

काठी : किनाऱ्यावरून फेकायला साडेआठ ते दहा फूट, होडीतून सात फूट पुरे. काठीवर किती ग्रॅम वजन फेकता येतं ते छापलेलं असतं. १५ ते ४० ग्रॅमची काठी उपसागरात बहुतेक कामं करते. दोन किंवा तीन तुकड्यांची घ्या, कारण नांदेड-पनवेल एक्स्प्रेसच्या गर्दीत नऊ फुटांची अखंड काठी घेऊन चढून दाखवा! वाहून न्यायला एक जुगाड आहे. ठिबकच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइप काठीच्या मापानं कापा, दोन्हीकडं टोपणं लावा. काम तमाम.

दोरी : इथं आपलं तंगूस मागं पडतं. तंगूस ताणलं की लांबतं, त्यामुळं पन्नास-साठ मीटरवर माशानं तोंड लावलेलं हाताला कळतच नाही. समुद्रात विणलेली दोरी वापरतात, तिला ब्रेड म्हणतात. ती ताणत नाही आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा खूपच बारीक असते. ३० पौंडांची, म्हणजे साधारण साडेतेरा किलो ताण सोसणारी, दीडशे-दोनशे मीटर पुरे. पण ब्रेडचा एक दोष आहे. खडकाला घासली की सुरीनं कापल्यासारखी तुटते. म्हणून तिच्या टोकाला मीटर-दीड मीटर जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन जोडायचं, ३० ते ४० पौंडांचं. त्याला लीडर म्हणतात. सुरमईसारख्या धारदार दातांच्या माशासाठी त्यापुढं वीतभर स्टीलची तार. जोडायची गाठ घरीच शिकून जा. डबल युनी सोपी आहे, पहिल्यांदा तीच करा. ओली करून आवळायची, कोरडी आवळली की दोरी जळते.

ड्रॅग किती आवळायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव भाग. ३० पौंडांच्या दोरीला साधारण साडेतीन किलो. मोजायला प्रवासी बॅग लटकवून वजन करतात तो हुकचा काटा चालतो. दोरीचं टोक काट्याला बांधा, ओढा आणि साडेतीनला दोरी सुटेल असा ड्रॅग लावा. हे काम रूमवर पाच मिनिटांत होतं. मासा लागल्यावर घाबरून चाकी पिळायला गेलात तर दोरी तरी तुटेल नाहीतर काठी.

लुअर : मासा काय खातोय ते आधी बघा

दुकानात दोनशे रंगांचे लुअर असतात. बघून डोकं चक्रावतं. पण कोकणातल्या किनाऱ्यालगत शिकारी मासा मुख्यतः खातो काय? तारली, मांदेली, बोई आणि कोळंबी. बस्स, तुमचा लुअर या चारांपैकी कशासारखा तरी दिसला पाहिजे. बंदरावर सकाळी मासे उतरवतात तिथं पाच मिनिटं उभं राहून टोपलीत छोटे मासे कोणते आहेत ते बघा. केवढे आहेत, चपटे की गोल, पाठीचा रंग कोणता. तेवढी माहिती कुठल्याही व्हिडिओपेक्षा कामाची.

मग खोली. पाण्याच्या वरच्या थरात छोटे मासे उड्या मारताना दिसले तर पॉपर. तो ओढला की डबक् डबक् आवाज करतो. दोन-चार हात खाली पोहणारा मिनो. आणि खोल जायचं असेल किंवा वारा जोरात असेल तर २० ते ४० ग्रॅमचा धातूचा जिग. तो छोटा आणि जड असल्यानं वाऱ्यातही लांब जातो. खाडीत, गढूळ पाण्यात सॉफ्ट प्लास्टिकची कोळंबी किंवा शेपूट हलवणारा रबरी मासा. पहिल्या ट्रिपला एक पॉपर, दोन मिनो, दोन जिग आणि सॉफ्ट प्लास्टिकचं एक पाकीट पुरे.

रंगाचा सोपा नियम असा की पाणी निवळ असेल तर चंदेरी आणि निळसर, गढूळ असेल तर पोपटी-पांढरा किंवा गडद. आणि लुअरसोबत येणारे तीन काट्यांचे गळ काढून एकच गळ लावा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सुटायचं प्रमाण थोडं वाढेल, पण छोटा मासा जिवंत परत सोडता येईल. शिवाय तो गळ तुमच्या बोटात घुसला तर निघेल सहज, हा फायदा जास्त मोठा!

फ्लाय : पिसांचा खोटा मासा

फ्लाय फिशिंग म्हटलं की आपल्याला इंग्रजी सिनेमातला नदीत उभा असलेला माणूस आठवतो. पण या खेळाचं भारताशी नातं जुनं आहे. मद्रास इलाख्यातला एक इंग्रज सनदी अधिकारी, एच. एस. थॉमस, यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये त्याचं 'टँक अँगलिंग इन इंडिया' आलं, म्हणजे खास तळ्यातल्या मासेमारीवर. आपल्यासारख्या तलावांच्या मुलखासाठीच जणू.

साध्या काठीत आणि फ्लायच्या काठीत फरक काय? साध्या काठीत लुअरचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि केस बांधलेला तो एक गळ. त्यामुळं इथं जड असते ती दोरी, आणि ती चाबकासारखी फिरवून फ्लाय पुढं टाकतात. समुद्रासाठी नऊ फुटांची, आठ किंवा नऊ नंबरची काठी लागते. त्याच नंबरची दोरी आणि तिच्यामागं रीलवर दीडशेएक मीटर बॅकिंग. किनाऱ्यावर वारा असतो, त्यामुळं शिकायला वेळ लागतो. खरं सांगायचं तर पहिल्या ट्रिपला फ्लायची काठी घेऊ नका. स्पिनिंगवर हात बसू द्या.

पण फ्लाय मात्र आत्ताच बांधायला शिका. दोन कारणं आहेत. फ्लाय साध्या स्पिनिंग काठीवरही चालतो, दोन हात मागं छोटं शिसं किंवा पारदर्शक फुगा लावला की झालं. आणि दुसरं, हे काम हॉस्टेलच्या टेबलावर जवळपास फुकटात होतं.

समुद्रात जगभर चालणारे दोन फ्लाय लक्षात ठेवा. एक, डिसीव्हर. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात लेफ्टी क्रे या माणसानं १९५० च्या दशकाच्या शेवटी तो बांधला. कोंबड्याची लांब पिसं शेपटीला आणि पुढं केसांची गळपट्टी. पाण्यात तो बारीक माशासारखा श्वास घेतल्यागत हलतो. तो इतका गाजला की १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. दुसरा क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर यानं १९८० च्या दशकात तो नदीतल्या माशांसाठी बनवला, पण गाजला समुद्रातही. त्याच्या डोक्याशी डंबेलसारखे दोन जड डोळे असतात. ओढला की वर, सोडला की डोकं खाली करून बुडतो. जखमी मासा दिसतो अगदी तसा.

क्लाउझर बांधायला काय लागतं? १/० नंबरचा स्टेनलेस गळ, शिवणाचा मजबूत धागा, किचेनच्या मण्यांच्या साखळीतले दोन मणी, गणपतीच्या डेकोरेशनमधली उरलेली चंदेरी झिरमिळी, आणि केस. तिकडं हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपण बोकडाच्या शेपटीचे घ्यायचे, खाटकाकडं मागितले तर मिळतात. धुऊन, वाळवून अर्धे पोपटी रंगवा. गळ पक्कडीत धरा, धागा गुंडाळा, डोळे आडवे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन घट्ट बांधा. पांढरे केस एका बाजूला, पोपटी दुसऱ्या बाजूला, मधे झिरमिळी. शेवटी गाठीवर पारदर्शक नेलपॉलिश. पहिले चार वाकडेतिकडे होतील, पाचवा पाण्यात जाण्यासारखा होईल.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हरणाचे केस, रानकोंबड्याची पिसं असलं काहीही कुणी देतो म्हटलं तरी घ्यायचं नाही. एकेकाळी इंग्रजांच्या फ्लायसाठी आपल्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांना मोठी मागणी होती. आज हे प्राणी-पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. बोकड आणि गावठी कोंबडा बास आहेत.

तिथीला पाऊणनं गुणा

सामान झालं. आता वेळ. समुद्रावर घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक मोठं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. कोकण किनाऱ्यासाठी एक जुना अंदाजी हिशेब आहे. कालनिर्णयमध्ये तिथी बघा आणि तिला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या आसपास. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ त्या बंदराच्या तक्त्यात बघायची.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. मासे पाणी हलत असताना खातात. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली की आतले छोटे मासे, कोळंबी बाहेर वाहत येतात आणि शिकारी मासे तिथं टपून असतात. पाणी ठप्प झालं की तुम्हीही डबा काढून जेवून घ्या.

आणि हाच हिशेब जीव वाचवतो. आपण धरणाकाठची माणसं. पाणी तासाभरात मागं येऊन वाट बंद करतं हे आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. ओहोटीला चालत ज्या खडकावर गेलात, भरती लागली की तो खडक बेट होतो. म्हणून भरती सुरू व्हायच्या आत परत फिरायचं. शेवाळलेल्या, ओल्या खडकावर उभं राहायचं नाही. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथंवर येते. समुद्राकडं पाठ करून सेल्फी नाही. लाइफ जॅकेट, डोळ्याला गॉगल, पायात पकड घेणारे बूट आणि एकट्यानं कधीच नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका. ऑक्टोबर ते मे हे महिने बरे.

अनोळखी मासा हातात घेऊ नका. पाकटाच्या शेपटीत विषारी काटा असतो, शिंगाळ्याचे काटेही वाईट लागतात. फुग्यासारखा फुगणारा केंड मासा विषारी असतो, तो खायचा नाही.

किनारा कुणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यासाठी हा दोन दिवसांचा छंद आहे. त्या किनाऱ्यावरच्या माणसाचं घर त्यावर चालतं. रापण ओढली जात असेल तिथं लुअर टाकायचा नाही. पाण्यावर जाळ्याचे फ्लोट दिसले की लांब राहायचं. तुमचा तीन काट्यांचा गळ जाळ्यात अडकला तर ते जाळं फाटतं, आणि ते शिवायला कुणाचा तरी अख्खा दिवस जातो. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिथं कुठं गळ टाकता येतो आणि कुठं नाही, हे वनविभागाला विचारल्याशिवाय टाकू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. नियम मच्छीमारांसाठी आहे म्हणून आपण छोटी सुरमई फोटोसाठी मारून टाकावी असं थोडंच आहे? फोटो काढा, हात ओला करून मासा धरा, सोडून द्या.

आणि हे फक्त कोकणापुरतं नाही. आपल्याकडचे पाटबंधाऱ्याचे तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. त्यात भोई समाजाची कित्येक कुटुंबं आहेत. तलावातल्या कटला-रोहूचं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. पाऊस झाला नाही, तलाव आटला, की ते पैसे गेले. अशा तलावावर रविवारी जाऊन न विचारता पाच किलोचा कटला काढणं म्हणजे कुणाच्या तरी शेतातली ज्वारी कापून आणणं. मालकाला विचारून हुरडा खायला बसणं वेगळं आणि न विचारता कणसं तोडणं वेगळं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. संस्थेच्या माणसाला आधी भेटा, परवानगी मागा, फी सांगितली तर द्या. त्या पाण्यात मासा कुठं बसतो हेही त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नसतं.

परत आल्यावर

रूमवर आलात की झोपायच्या आधी सामान गोड्या पाण्यानं धुवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पिलेल्या लातूरकरांना बादल्या ओता असं कोण सांगणार? तशी गरजही नाही. तांब्याभर पाणी आणि ओलं फडकं पुरतं. ड्रॅग आवळून रील हळूच पाण्याखाली धरा, नळीचा जोराचा फवारा मारू नका, त्यानं मीठ आत जातं. पुसा, सावलीत वाळवा, ड्रॅग सैल करा, हँडलला तेलाचा एक थेंब. लुअर आणि गळही धुवा, नाहीतर एक गंजलेला गळ अख्खा डबा खराब करतो. तुटलेली दोरी खिशात घालून आणा, किनाऱ्यावर टाकू नका. पक्ष्यांच्या आणि कासवांच्या पायात ती अडकते.

बॅग भरताना

• ८.५ ते १० फुटांची काठी, ४००० किंवा ५००० ची रील, ३० पौंड ब्रेड
• ४० पौंड लीडर, स्टीलच्या तारेचे दोन तुकडे
• एक पॉपर, दोन मिनो, दोन जिग, सॉफ्ट प्लास्टिकचं एक पाकीट, स्वतः बांधलेले चार क्लाउझर
• लांब नाकाची पक्कड, कात्री, मोजपट्टी, हुकचा काटा
• लाइफ जॅकेट, गॉगल, टोपी, प्रथमोपचार पेटी
• त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक, आणि घरी कुठल्या किनाऱ्यावर जाताय ते सांगितलेलं असणं